जुन्या ट्रकचा आवाज: इंजिनातला, घाटातला आणि पडद्यावरचा

प्रश्न असा आहे: "वडील टाटा १२१० चालवायचे. ट्रकचे जुने सिनेमे बघताना इंजिनाचा आवाज आला की अंगावर काटा येतो. आताच्या गाड्यांना तो आवाज का नाही? सिनेमातला आवाज खरा असतो का? आणि एखादी जुनी गाडी चालू स्थितीत सापडली तर तिचा आवाज नीट रेकॉर्ड कसा करायचा?"

आधी इंजिनाचं बोलू. सिनेमाकडे नंतर येतो, कारण इंजिन कळलं की सिनेमातली चोरी आपोआप पकडता येते. मी हायवेवर डिझेल पंप आणि नोझलचं काम करतो. तुमच्यासाठी जी आठवण आहे ती माझ्याकडे बहुतेक वेळा तक्रार म्हणून येते, तेव्हा माझं बोलणं थोडं कोरडं वाटलं तर चालवून घ्या.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन आतली हवा साधारण सतरा पटींनी दाबतो, ती इतकी तापते की नोझलमधून उडालेलं डिझेल आपोआप पेट घेतं. पण उडालं आणि पेटलं असं होत नाही. थेंब फुटणं, त्याची वाफ होणं, हवेत मिसळणं, यात एखाद-दोन मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात जुना पंप आपला डिझेल ढकलतच असतो. मग जे साचलंय ते सगळं एकदम पेटतं, दाब झटक्यात चढतो आणि अख्खा ओतीव ब्लॉक वाजतो. तुम्हाला आठवते ती टकटक म्हणजे हीच. याला आम्ही नॉकिंग म्हणतो. थोडं नॉकिंग हा त्या इंजिनांचा स्वभावच होता, जास्त झालं की रोग.

सकाळी थंड इंजिन सुरू केलं की ही टकटक सगळ्यात कडक, कारण आतले भाग गार असतात आणि डिझेल पेटायला जास्त वेळ घेतं. तेच इंजिन तापून, माल भरून चढाला लागलं की टकटक बुजते आणि खालून घुमणारा आवाज वर येतो. म्हणून एकाच गाडीचा पहाटेचा आवाज आणि घाटातला आवाज दोन वेगळ्या गाड्यांचे वाटतात. वडिलांची गाडी तुम्ही अंगणात ऐकली असेल तर तुमच्या डोक्यात पहिला आवाज आहे, शेजारी बसून ऐकली असेल तर दुसरा.

आता तुमच्या १२१० बद्दल. टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, १९५४ साली डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज बाहेर पडू लागल्या. त्या पहिल्या बोनेटच्या गाड्यांत ओएम ३१२ जातीचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, ४.६ लिटरचं. त्यात डिझेल थेट पिस्टनवर न उडता आधी एका छोट्या खोलीत पेटायचं आणि तिथून जाळ मुख्य सिलिंडरमध्ये यायचा. त्यामुळे दाब हळूहळू चढे आणि आवाज मऊ राही. पुढे ती खोली गेली आणि डिझेल थेट उडवणारी इंजिनं आली. डिझेल कमी लागायला लागलं, सकाळी गाडी लवकर सुरू व्हायला लागली, पण टकटक वाढली. म्हणजे जितकी गाडी जुनी तितकी ती जास्त दणदणाट करायची, हे काही खरं नाही. लोक ज्या आवाजावर जीव टाकतात तो बऱ्याचदा या मधल्या काळातल्या, थेट इंजेक्शनच्या ६९२ आणि ६९७ इंजिनांचा असतो. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. नावातच माप आहे. १२१० मध्ये बहुधा ६९२ असायचं.

अशोक लेलँडचं कुटुंब वेगळं. मद्रासजवळ एन्नोरला बनणारी कॉमेट बऱ्याच जणांच्या लक्षात असेल. त्यांच्या इंजिनाचा आकडा घन इंचात. ३७० म्हणजे सहा लिटरच्या जरा वर. टाटापेक्षा मोठं, सावकाश ओढणारं, आवाजही जड. जुने लोक अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचे, टाटा गेली की लेलँड गेली. मला यात काही जादू वाटत नाही, रोज ऐकलं की कळतंच. मुंबईच्या बाजूला प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या फार्गो आणि डॉज असायच्या, काहींत पर्किन्सचं पी-सिक्स इंजिन. हिंदुस्तान मोटर्सच्या बेडफर्डही होत्या. त्यांच्याबद्दल मी फार बोलणार नाही, माझ्या हाताखालून त्या कमी गेल्या.

थोडा हिशोब सांगतो, रेकॉर्डिंगला तो लागेल. सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेरीत तीन वेळा पेटतं. स्लोवर, म्हणजे रेस न देता, मिनिटाला ५०० ते ६०० फेरे धरा, म्हणजे सेकंदाला २५ ते ३० ठोके. माणसाच्या कानाला साधारण सेकंदाला वीस कंपनांपासून पुढचं ऐकू येतं. म्हणजे उभ्या ट्रकचा जो मूळ ठोका आहे तो ऐकू येण्याच्या अगदी काठावर आहे. तो कानाने कमी आणि सीटमधून, पायाखालच्या पत्र्यातून जास्त कळतो. हे लक्षात ठेवा.

त्या आवाजात इंजिनाइतकाच वाटा गिअरबॉक्सचा. जुन्या बॉक्सला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नसायची. कात्रज किंवा खंबाटकी चढताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायचं तर ड्रायव्हर क्लच दाबून गाडी न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, न्यूट्रलमध्येच रेस देऊन इंजिनाचे फेरे वाढवायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि दांडा दुसऱ्यात टाकायचा. हे सगळं दीड-दोन सेकंदांत, कारण तोवर भरलेली गाडी थांबायला लागलेली असते. रेस कमी पडली तर गिअर करकरतो, जास्त झाली तरी करकरतो. बरोबर बसली तर दांडा दोन बोटांनी आत जातो. टॅकोमीटर बहुतेक गाड्यांत नसायचा, असला तरी बघायला सवड नाही. हे काम पूर्ण कानावर चालायचं. चढावर लांबून येणारी ती घरघर, मग क्षणभर मोकळी पडलेली शांतता, मग एक उंच हुंकार आणि पुन्हा खालच्या पट्टीतली घरघर, हा आवाज तुम्हाला आठवत असेल. एका कुशल माणसाच्या हातापायांचा तो आवाज आहे. चांगला ड्रायव्हर आणि शिकाऊ क्लीनर यांच्यातला फरक घाटाखालून ऐकू यायचा.

त्यावर गिअरच्या दात्यांची शिट्टी, कमानपाट्यांचं कुरकुरणं, रिकाम्या हौद्यातल्या फाळक्याच्या साखळ्या. केबिन लाकडी, गावातल्या बॉडीबिल्डरने बांधलेली. सेमी-फॉरवर्ड गाडीत इंजिनाचा मागचा भाग केबिनमध्येच यायचा. त्यावर झाकण, झाकणावर गोणपाट आणि रेक्झिनची गादी, गादीवर क्लीनर नाहीतर कोणी वाटसरू. आवाज बाहेर राहायला जागाच नव्हती.

आताच्या गाड्यांना तो आवाज का नाही, हे आता सोपं होईल. पहिलं म्हणजे टर्बो, एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारं यंत्र. एक्झॉस्टचा प्रत्येक ठोका टर्बोच्या चाकावर आदळून सपाट होतो, बाहेर येतो तो सलग फुत्कार. शिवाय टर्बोमुळे आत जास्त आणि गरम हवा जाते, डिझेल लवकर पेटतं, टकटक कमी होते. दुसरं म्हणजे कॉमन रेल, सगळ्या नोझलना एकाच मोठ्या दाबाच्या नळीतून डिझेल देणारी पद्धत. जुना मायको कंपनीचा लाइन पंप साधारण २०० बारला नोझल उघडायचा आणि एका दमात सगळं डिझेल ओतायचा. कॉमन रेलमध्ये दाब दीड हजार बारच्या वर असतो, आणि कॉम्प्युटर आधी चिमूटभर डिझेल सोडून आत जाळ तयार करतो, मग मुख्य डिझेल सोडतो. साचून एकदम पेटणं हा प्रकारच संपला. तिसरं, २०२० च्या एप्रिलपासून बीएस-सहा हा धुराचा नवा नियम आला आणि सायलेन्सरच्या जागी गाळण्या आणि युरियावर चालणारी यंत्रणा बसली. उरलासुरला ठोका त्यात मुरतो. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे, म्हणजे काचा वर. नवी गाडी मुकी नाही. तिचा पंखा ओरडतो, टायर गातात. इंजिन मात्र काही सांगत नाही, जे सांगायचं ते डॅशबोर्डवरच्या दिव्यातून सांगतं.

इथे मला खरंच काही हरवल्यासारखं वाटतं. आवाजाबद्दल नाही, आवाजावर चालणाऱ्या कामाबद्दल. एक उदाहरण देतो. गाडी ओढत नाही म्हणून कोणी आणली की मी इंजिन स्लोवर ठेवायचो आणि १७ नंबरचा पाना घेऊन पहिल्या सिलिंडरच्या डिझेल पाइपचा नट थोडा ढिला करायचो. डिझेल बाहेर झिरपतं, तो सिलिंडर बंद पडतो आणि इंजिनाचा आवाज लगेच लंगडा होतो. नट आवळायचा, दुसऱ्याकडे जायचं. असं करत करत एखाद्या सिलिंडरवर नट ढिला केला तरी आवाजात काहीच फरक पडत नाही. म्हणजे तो आधीपासूनच काम करत नव्हता. नोझल काढा, टेस्टिंगवर लावा, फवारा बारीक धुक्यासारखा येतोय की नळासारखी धार पडतेय ते बघा. या तपासाला लागायचा एक पाना आणि एक कान. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली की कुठला बेअरिंग बोलतोय तेही कळायचं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा भाग, ढिलं असेल तर बारीक टिकटिक, ती इंजिनाच्या अर्ध्या वेगाने येते. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर रेस सोडताना ठक. डिझेल सोडायचं टायमिंग पुढे गेलं तर आवाज कडक आणि कोरडा, मागे पडलं तर मऊ, पण गाडी धूर सोडते आणि तापते. ड्रायव्हर लोक यातलं निम्मं स्वतःच ओळखून यायचे: "मिस्त्री, तिसरा मारतोय बघा." तिसराच असायचा असं नाही, पण मारत असायचा नक्की.

पण या आवाजाची आरती ओवाळायला मी तयार नाही. चढावर ओढ मिळावी म्हणून कित्येक मालक पंपाचं डिझेल वाढवून घ्यायचे, सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या काढून टाकायचे. लोकांना जो 'दमदार' आवाज आठवतो त्यातला बराचसा या उद्योगांचा, आणि त्याच्याबरोबर काळा धूर यायचाच. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली स्पष्ट सांगितलं. आमच्या धंद्यातल्या आणि ड्रायव्हिंगमधल्या जुन्या माणसांशी बोलताना आवाज चढवावा लागतो, त्याचं कारणही तेच इंजिन. एसी केबिनबद्दल 'पूर्वीची मजा गेली' असं म्हणणाऱ्याने मे महिन्यात १२१० च्या केबिनमधल्या इंजिनाच्या झाकणावर बसून सोलापूर गाठावं, मग बोलावं.

आता सिनेमा. तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: बहुतेक वेळा तो आवाज त्या गाडीचा नसतो. आपल्याकडे कित्येक दशकं चित्रीकरणाच्या जागी आवाज टिकवायची पद्धतच नव्हती. कॅमेरे घरघरायचे, गर्दी असायची, म्हणून संवाद नंतर स्टुडिओत डब व्हायचे आणि गाडीचे आवाज साठवलेल्या ध्वनिफितींमधून चिकटवले जायचे. त्यामुळे पडद्यावर टाटा आणि कानात भलतंच काही, असं सर्रास होई. ओळखायच्या खुणा सांगतो. गाडी कच्च्या रस्त्यावर ब्रेक मारते आणि टायर डांबरावर घासल्यासारखे किंचाळतात, हे खोटं. मातीवर टायर किंचाळत नाही, सरकतो आणि धूळ उडवतो. ड्रायव्हरचा हात गिअरवर जातो आणि इंजिनाच्या पट्टीत काहीच उतार पडत नाही, हेही खोटं. उभी गाडी आणि चढावरची भरलेली गाडी एकाच आवाजात बोलतात, म्हणजे एकच फीत फिरवली आहे.

परदेशातही चिकटवाचिकटवी असतेच, फक्त काही जण ती डोकं लावून करतात. स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'ड्युएल' या १९७१ च्या टीव्ही-चित्रपटात एक जुनाट पीटरबिल्ट टँकर एका कारवाल्याच्या जिवावर उठतो. ट्रकवाल्याचा चेहरा दिसतच नाही, म्हणजे खलनायकाचं सगळं बोलणं त्या ट्रकलाच करावं लागतं. शेवटी ट्रक कड्यावरून कोसळतो तेव्हा पत्र्याच्या आवाजात एक डरकाळी मिसळलेली आहे, ती एका जुन्या डायनासोरच्या सिनेमातून उचललेली. यांत्रिकदृष्ट्या शुद्ध खोटेपणा, पण त्या जागी चपखल.

माझ्या धंद्याच्या नजरेने सगळ्यात वरचा सिनेमा विल्यम फ्रीडकिनचा 'सॉर्सरर', १९७७ चा. चार फरार माणसं, दोन मोडकळीला आलेले ट्रक, मागे घामाघूम झालेलं डायनामाइट आणि जंगलातला रस्ता. त्यात माणसं बोलतात कमी, ट्रक जास्त. पुलावरच्या त्या प्रसिद्ध प्रसंगात पावसाच्या गदारोळातूनही इंजिनावर भार कधी आला आणि कधी सुटला हे ऐकू येतं. ऑस्करसाठी या सिनेमाला एकच नामांकन होतं, आवाजासाठी. ते बक्षीस 'स्टार वॉर्स'ने नेलं. हीच गोष्ट आधी १९५३ मध्ये क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाने सांगितली होती, 'द वेजेस ऑफ फिअर' नावाने तो सिनेमा जगभर गेला. त्यात रस्त्यावर आडव्या लाटा पडलेल्या भागाचा प्रसंग आहे: एकतर अगदी रांगत जा, नाहीतर इतक्या वेगात की चाकं लाटांच्या माथ्यावरून निघून जातील. मधला वेग घेतला तर गाडी हादरून मागचा माल उडेल. ज्याने खडीच्या रस्त्यावर भरलेली गाडी नेली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

जपानमध्ये तर ट्रकचे सिनेमे हा वेगळा प्रकारच झाला. तोएई कंपनीने १९७५ ते १९७९ मध्ये 'टोराक्कू यारो' मालिकेचे दहा चित्रपट काढले, दिव्यांनी मढवलेल्या ट्रकवाल्यांचे. आपल्याकडे ट्रकवाला पडद्यावर आला तो बहुतेक माणसाची गोष्ट सांगायला. १९७१ च्या 'दुश्मन'मध्ये राजेश खन्ना ट्रकवाला आहे, पण अपघात झाला की गोष्ट गावाकडे वळते आणि ट्रक मागे राहतो. केरळने ट्रकला जास्त मान दिला. १९९५ च्या 'स्फटिकम्'मध्ये मोहनलालच्या लॉरीचं नावच 'चेकुत्तान', म्हणजे सैतान. तो सिनेमा २०२३ मध्ये नव्या ध्वनियोजनेसह पुन्हा थिएटरला लागला आणि लोक गेले.

जुन्या सिनेमाचा आवाज आठवणीपेक्षा बारीक वाटतो, त्याचं आणखी एक कारण आहे. फिल्मच्या कडेला छापलेल्या ध्वनिपट्टीत आणि तेव्हाच्या थिएटरच्या स्पीकरमध्ये अगदी खालचा ठोका आणि अगदी वरची टिकटिक दोन्ही कापली जायची. मधलं काय ते उरायचं.

रेकॉर्डिंगची अडचणही हीच. फोनच्या माइकला आणि स्पीकरला तो खालचा ठोका झेपत नाही, म्हणून फोनवर घेतलेला ट्रक पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा वाजतो. त्याहून वाईट म्हणजे फोनमधलं आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर इंजिनाला 'गोंगाट' समजून पुसून टाकतं. फोनच वापरायचा असेल तर ही सफाई बंद करता येईल असं ॲप घ्या. शक्य असेल तर हातात धरायचा छोटा रेकॉर्डर भाड्याने आणा, वेव्ह फाइलमध्ये घ्या, आवाजाची पातळी मुद्दाम कमी ठेवा, कारण रेस मारल्यावर ती अचानक चढते. माइकवर स्पंजचं किंवा केसाळ टोपण हवंच.

एकाच जागेवरून घेऊ नका. एक सायलेन्सरच्या तोंडापासून दोन-तीन मीटर लांब आणि धुराच्या झोतातून बाजूला. एक पंपाच्या बाजूला बोनेट उघडून, तिथे टकटक स्वच्छ मिळते. एक केबिनमध्ये, क्लीनरच्या बाजूला, काच अर्धी खाली करून. रात्रभर थंड पडलेल्या गाडीचं पहिलं स्टार्टिंग चुकवू नका, ते दिवसातून एकदाच मिळतं. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही पोहोचेपर्यंत तो कौतुकाने गाडी गरम करून ठेवेल. थंड इंजिनाला रेस मारायला लावू नका. ऑइल वरपर्यंत पोहोचायच्या आत फेरे वाढवले तर बेअरिंग खातं. बंद गॅरेजमध्ये तर काहीच घेऊ नका.

रिकामी उभी गाडी कितीही ऐकली तरी तुमच्या वडिलांचा आवाज त्यात नाही. तो भरलेल्या गाडीत, चढावर, गिअर पाडताना आहे. अशी गाडी शोधायला ऊस हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या रांगेत जा. कोल्हापूर-सांगलीकडे जुन्या गाड्यांची शेवटची वर्षं बऱ्याचदा तिथेच जातात. पाण्याचे टँकर आणि बोअरवेलच्या गाड्याही बघा. ट्रकच नाही मिळाला तर लेलँडची जुनी इंजिनं जनरेटरवर अजून चालतात, पण त्यांचे फेरे एका जागी बांधलेले असतात, गिअरचा खेळ नसतो.

वडिलांना ऐकवताना फोनवर ऐकवू नका. या कामातल्या माणसांचा कान आधी वरच्या पट्टीत जातो, खालची शाबूत राहते. म्हणून मोठा बेसचा स्पीकर आणा आणि तो ते बसतील त्या पलंगाच्या किंवा लाकडी बाकाच्या पायाशी टेकवून ठेवा. पंप आणि इंजिनावरच्या पट्टीचा नंबर, गाडी भरलेली होती की रिकामी, आणि कुठला चढ, हे फाइलच्या नावातच लिहा. पंपाच्या पट्टीचा फोटो काढताना आधी डिझेलने पुसून घ्या, नाहीतर नंबर वाचता येत नाही.